पुस्तक परत आणाल, तेव्हा दोन ओळी सोबत आणा
आमच्याकडून कादंबऱ्या नेणाऱ्या सर्व ग्राहकांसाठी

नमस्कार.

तुम्ही आमच्या दुकानातून कादंबरी भाड्यानं नेता, वाचता, परत आणून देता. काउंटरवर आम्ही विचारतो, "कशी वाटली?" तुम्ही म्हणता, "चांगली हाये." आणि एसटी पकडायला निघता. तुमची घाई आम्हाला कळते. पण "चांगली हाये" एवढ्यावरून तुमच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला काहीच कळत नाही. ते पुस्तक त्यानं न्यावं की नाही, हे त्याला आमच्या तोंडाकडे पाहून ठरवावं लागतं. आम्ही तर प्रत्येक पुस्तक वाचलेलं नसतं.

म्हणून गेल्या पावसाळ्यापासून आम्ही प्रत्येक कादंबरीच्या शेवटच्या पुठ्ठ्याला आतून एक खाकी पाकीट चिकटवलं आहे. त्यात कोऱ्या चिठ्ठ्या असतात आणि आधीच्या वाचकांनी लिहिलेल्याही असतात. हे पत्रक त्या चिठ्ठ्यांबद्दल आहे.

आमचं दुकान तुम्ही पाहिलेलंच आहे. पुढे वह्या, पेनं, झेरॉक्स; मागच्या भिंतीला कादंबऱ्यांची दोन कपाटं. अमरावती जिल्ह्याच्या दर्यापूर-अंजनगाव पट्ट्यातल्या खेड्यांतून येणारी माणसं आमची ग्राहक. नवीन कादंबऱ्या आम्ही वर्षातून दोनदाच घेऊ शकतो: एकदा शाळा सुरू होताना आणि एकदा कापूस विकून लोकांच्या हातात पैसा आल्यावर. तेव्हा कोणती घ्यायची, हे पूर्वी आम्ही अंदाजानं ठरवायचो आणि बरेचदा चुकायचो. आता आम्ही पाकिटं उघडून बसतो. मागच्या खेपेला घेतलेली निम्म्याहून जास्त पुस्तकं तुमच्या चिठ्ठ्या वाचून घेतलेली आहेत.

चिठ्ठीत काय लिहायचं

परीक्षेत लिहितो तसं लिहू नका. लेखकाचा परिचय नको, कथानकाचा सारांश नको. कुठे थांबलात, कुठे पान उलटायची घाई झाली, कुठल्या माणसाचा राग आला, तेवढं लिहा. शक्य असेल तर पान क्रमांक घाला. हे पुस्तक कोणाच्या हातात द्यावंसं वाटलं, तेही लिहा. आमच्यासाठी ती सगळ्यात कामाची ओळ असते.

अर्धी सोडलेली कादंबरीही चालते. फक्त कुठे सोडली आणि का, ते सांगा. सदानंद देशमुख यांची "बारोमास" आपल्याच विदर्भातली, बुलडाण्याकडची. 2004 साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकून नोकरी न मिळालेल्या शेतकऱ्याच्या पोराची ती गोष्ट आहे. एका शेतकरी दादांनी ती मधूनच परत आणली आणि चिठ्ठीत लिहिलं: "पुढचं पान पलटवायचा धीर झाला नाही. माह्या घरात जे चालू हाये तेच लिवलं हाये. दिवाळीनंतर पुन्हा नेतो." दिवाळीनंतर ते आले आणि त्यांनी ती पुरी केली. ती चिठ्ठी वाचून आणखी तिघांनी पुस्तक नेलं, आणि प्रत्येकानं मनाची तयारी करून नेलं. असं मत कुठल्या जाहिरातीत मिळत नाही.

कोणत्याही बोलीत लिहा. वऱ्हाडीत लिहिलेली चिठ्ठी आम्ही शुद्ध करत बसत नाही. लिहिता येत नसेल तर सांगा, आम्ही लिहून घेऊ. एक आजी आहेत, त्यांना नातू रात्री वाचून दाखवतो. त्यांनी उद्धव शेळके यांची "धग" ऐकली. 1960 सालची कादंबरी, नायिका कौतिक, त्यातली माणसं वऱ्हाडीत बोलतात. आजी काउंटरशी खुर्चीवर बसल्या आणि सांगत गेल्या, आम्ही लिहिलं: "कौतिकचं दुःख मले नवं नाही. पण आपल्या बोलीत कोनी एवढं मोठं पुस्तक लिवलं, हे मले आजलोक कोनी सांगतलं नव्हतं." ही चिठ्ठी आम्ही प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवली आहे. "धग" मागायला येणाऱ्याला आधी तीच दाखवतो.

शेवट फोडायचा नाही, एवढा एक नियम मात्र पाळा. शेवटाबद्दलच बोलायचं असेल तर चिठ्ठीची घडी घाला आणि वर लिहा, "शेवट आत आहे." पुस्तक वाचून झाल्यावर पुढचा वाचक ती उघडेल.

व्हॅम्पायरच्या कादंबऱ्यांबद्दल

हा भाग मुलामुलींसाठी आहे, आणि त्यांच्या आईवडिलांसाठी जास्त आहे.

आठवी ते बारावीची मुलं सध्या आमच्याकडे व्हॅम्पायरची, म्हणजे रक्त पिऊन जगणाऱ्या भुतांची, पुस्तकं फार मागतात. त्यात पहिला नंबर स्टेफनी मेयर यांच्या "ट्वायलाइट"चा. पहिला भाग 2005 साली आला, चौथा 2008 साली. एक आई काउंटरवर येऊन म्हणाल्या, "पोट्टी बारा बारा वाजेलोक ते रक्त पेणाऱ्याचं पुस्तक वाचत राह्यते. तुमी कायले देता असं?" त्यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

गोष्ट अशी. सतरा वर्षांची बेला अमेरिकेतल्या फोर्क्स नावाच्या लहानशा, सदा पावसाळी गावात वडिलांकडे राहायला येते. शाळेत तिला एडवर्ड भेटतो. तोही सतराचा दिसतो, पण जन्म 1901 चा. 1918 च्या फ्लूच्या साथीत तो मरणाच्या दारात असताना व्हॅम्पायर झाला आणि तेव्हापासून त्याचं वय थांबलं. त्याच्या घरचे लोक माणसाला हात लावत नाहीत, जनावरांच्या रक्तावर भागवतात. उन्हात ते मरत नाहीत, त्यांची कातडी हिऱ्यासारखी चमकते. लोकांच्या नजरेत येऊ नये म्हणून ते ढगाळ गावात राहतात. दोघांचं प्रेम, आणि त्या प्रेमातच असलेला जिवाचा धोका, हा पुस्तकाचा गाभा.

आता पाकिटातल्या तीन चिठ्ठ्या बघा. पहिली दहावीतल्या मुलीची: "तो तिच्या खोलीत गुपचूप येऊन ती झोपलेली असताना बघत बसतो. पुस्तकात हे गोड म्हणून लिहिलं आहे. मला गोड वाटलं नाही. मी असती तर आरडाओरडा केला असता." दुसरी, वेगळ्या गावातल्या मुलीची, त्याच कागदाच्या मागे: "तुझं बरोबर आहे. पण त्याला तिचं रक्त हवंसं वाटतं आणि तरी तो स्वतःला आवरतो. मला तो भाग आवडला. मी दोन रात्रीत वाचलं." तिसरी चिठ्ठी पहिल्या मुलीच्या आईची आहे. मुलगी काय वाचते ते बघायला त्यांनी स्वतः पुस्तक उघडलं, आणि ते पुस्तक मराठीत नव्हतं, इंग्रजीत होतं! मुलीनं पानापानानं अर्थ सांगितला. त्यांनी लिहिलं: "इतका पाऊस आपल्याकडे पडला तर कापूस झाडावरच काळा पडेल. पोरीनं मला सगळं समजावून सांगितलं. ती इतकं इंग्रजी वाचते हे मला माहीत नव्हतं."

आमचं मत विचाराल तर तिन्ही चिठ्ठ्या खऱ्या आहेत. पहिल्या मुलीला जे खटकलं ते खटकायलाच पाहिजे, आणि ते तिचं तिनं ओळखलं. कोणी समोर बसवून उपदेश केला असता तर तिनं पुस्तक फक्त लपवलं असतं. म्हणून आईवडिलांना आमची विनंती आहे: पुस्तक हिसकावू नका. विचारा, "कोणतं पान तुला खटकलं?" उत्तर मिळतं.

तरी एक काळजी आम्ही घेतो. चौथ्या भागात लग्न आहे, गरोदरपण आहे, आणि बाळंतपणाचं वर्णन चांगलंच रक्तबंबाळ आहे. तो भाग आम्ही अकरावीच्या खाली देत नाही. घरून कोणी सोबत येऊन सांगितलं तर देतो.

आणखी एक. मालिकेचे भाग क्रमानं वाचायचे असतात. मागे आमच्या हातून एका मुलीला तिसरा भाग आधी गेला. बिचारीनं पन्नास पानं वाचून, काहीच लागत नाही म्हणून, इंग्रजी आपल्याला जमत नाही असं ठरवून टाकलं. चूक आमची होती. तिला पहिला भाग बिनभाड्यानं दिला, तेव्हा कुठे तिचा विश्वास परत आला. आता प्रत्येक भागाच्या पाठीवर मोठा आकडा लावला आहे. इंग्रजी पुस्तक पहिल्यांदा वाचत असाल तर प्रत्येक शब्द डिक्शनरीत शोधू नका. जो शब्द वारंवार येतो तेवढाच शोधा, बाकीचे वाक्यावरून उमगतात.

उन्हाचा वाद

बारावीतल्या एका मुलानं लिहिलं की हा व्हॅम्पायर खोटा, खरा व्हॅम्पायर उन्हात मरतोच. त्यावर चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या आल्या, पाकीट फाटायला आलं. आम्ही शोधून जे कळलं ते सांगतो. ब्रॅम स्टोकर यांची "ड्रॅक्युला" 1897 ची. त्यातला काउंट ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो. दिवसा त्याची ताकद घटते, पण उन्हानं तो मरत नाही. उन्हानं व्हॅम्पायर संपतो ही गोष्ट 1922 च्या "नोस्फेराटू" या मूकपटानं रूढ केली. म्हणजे वादातले दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. एकानं पुस्तक धरलं होतं, दुसऱ्यानं सिनेमा.

मोठ्या मुलांनी "ड्रॅक्युला" नक्की वाचावी. ती सगळी रोजनिशा, पत्रं, तारा आणि वर्तमानपत्रांच्या कात्रणांतून सांगितली आहे. प्रत्येकाला थोडंथोडं माहीत असतं. मीना नावाची बाई ते सगळं टाइप करून तारखेवार लावते, आणि तेव्हा कुठे आपण कोणाशी लढतो आहोत हे त्यांना कळतं. आमच्या खाकी पाकिटांची कल्पना तिथूनच सुचली.

आणि हे सगळं परकं आहे असंही समजू नका. आपला वेताळ आहेच. रिचर्ड बर्टन या इंग्रजानं 1870 साली वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत सांगितल्या, तेव्हा पुस्तकाच्या नावात वेताळाला व्हॅम्पायरच म्हटलं. आमच्या मते ते तितकंसं बरोबर नाही, आपला वेताळ रक्त पिणारा म्हणून ओळखला जात नाही. तो प्रेतात शिरून झाडाला लटकतो आणि गोष्ट सांगतो. पण गोष्ट संपल्यावर तो विक्रमराजाला जे विचारतो, ते आम्हाला फार मोलाचं वाटतं. कोण चुकलं, कोण बरोबर, सांग. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. राजा बोलला की वेताळ उडून परत झाडावर जातो, म्हणजे बोलण्यात राजाचं नुकसानच असतं. तरी राजा बोलतो. घरी आजीआजोबा असतील तर त्यांना या गोष्टी सांगायला लावा आणि "ट्वायलाइट" वाचणाऱ्या मुलीला शेजारी बसवा. गप्पा रंगतील.

थोडं व्यवहाराचं

भाडं आठ दिवसांचे 15 रुपये, अनामत 100 रुपये, पुस्तकं नेणं बंद केलंत की परत. पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत उशीर झाला तर जादा पैसे घेत नाही.

चिठ्ठी लिहिली म्हणून भाडं कमी होत नाही. काही ग्राहकांनी तसं सुचवलं होतं, पण पैशासाठी लिहिलेलं मत आम्हाला नको आहे. नाव लिहायची सक्ती नाही. मुलींनी तर लिहूच नये, "वाचक, दहावी" एवढं पुरतं. पुस्तकाला कितीही वाईट म्हणा, चिठ्ठी पाकिटातच राहील. आमच्या निवडीला नावं ठेवलीत तरी राहील. कोणाच्या जातीवर, धर्मावर किंवा गावातल्या माणसावर लिहिलेली मात्र आम्ही काढून टाकतो. दुसऱ्याच्या आवडीची टर उडवणारीही काढतो. व्हॅम्पायर वाचणाऱ्याला कोणी "हे काय वाचणं झालं?" म्हटलं की ते पोर पुन्हा कपाटाजवळ येत नाही. असं झालेलं आम्ही पाहिलं आहे आणि त्याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

ज्यांना दुकानापर्यंत येणं होत नाही, त्यांच्यासाठी आठवडी बाजारात मसाल्याच्या दुकानांच्या रांगेशेजारी आमची पेटी असते. तिथेही पुस्तक आणि चिठ्ठी दोन्ही देता येतं.

दाराजवळच्या फळ्यावर आम्ही दर बाजाराला एक चिठ्ठी लावतो. या आठवड्याची नववीतल्या एका मुलाची आहे: "बेलाला त्याच्यासाठी व्हॅम्पायर व्हायचं आहे. मग तिच्या बाबांचं काय? ते रोज घरी एकटेच जेवतील का?" खाली जागा मोकळी सोडली आहे, पेन दोरीला बांधलेला आहे.