त्रिकोणाची तिसरी बाजू

२५ जुलै १९३४ रोजी व्हिएन्नात ऑस्ट्रियाचे चॅन्सेलर डॉलफुस यांचा त्यांच्याच कचेरीत खून झाला. मारेकरी ऑस्ट्रियातले नाझी होते. हिटलर आता ऑस्ट्रिया गिळणार, या शंकेने मुसोलिनीने तातडीने आपले सैन्य आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीकडे धाडले. पुढच्या एप्रिलमध्ये तर इटली, ब्रिटन आणि फ्रान्स स्ट्रेसा गावी एकत्र बसले, ते जर्मनीला वेसण घालण्यासाठी. आणि १ नोव्हेंबर १९३६ रोजी हाच मुसोलिनी मिलानच्या सभेत रोम-बर्लिन ‘अक्षा’ची घोषणा करत होता.

विचारसरणी जुळली म्हणून हे दोघे एकत्र आले, असे आपण शाळेत शिकतो. पण विचारसरणी १९३४ मध्येही जुळतच होती. मग मधल्या सव्वादोन वर्षांत बदलले काय? बदलले ते इतरांशी असलेले संबंध. ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीने अ‍ॅबिसिनियावर (आजच्या इथिओपियावर) हल्ला केला आणि राष्ट्रसंघाने तिच्यावर आर्थिक निर्बंध घातले. त्यात ब्रिटन आणि फ्रान्स होते. जर्मनी १९३३ मध्येच राष्ट्रसंघातून बाहेर पडला होता, त्यामुळे त्याचा इटलीशी व्यापार चालू राहिला. १९३६ च्या उन्हाळ्यात स्पेनमध्ये यादवी पेटली, तेव्हा दोघांनीही बंडखोर सेनानी फ्रँकोला मदत पाठवली. एकमेकांबद्दलचे मत बदलण्याआधी त्यांचे तिसऱ्याशी असलेले नाते बदलले होते.

हा ‘तिसरा’ फार महत्त्वाचा. व्हिएन्नात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ हायडर यांनी १९४६ मध्ये माणसांच्या नात्यांबद्दल एक साधा विचार मांडला. तीन जण घ्या आणि प्रत्येक जोडीला मैत्रीसाठी अधिक, वैरासाठी उणे चिन्ह द्या. तिन्ही चिन्हांचा गुणाकार अधिक आला, तर त्रिकोण स्थिर. उणे आला, तर कुणाला तरी अवघडल्यासारखे होते आणि एखादी बाजू चिन्ह बदलू पाहते. माझे दोन मित्र एकमेकांचे वैरी असतील, तर मला फार काळ दोघांकडे जेवायला जाता येत नाही. पुढे १९५६ मध्ये कार्टराइट आणि हरारी यांनी गणिताने दाखवले, की प्रत्येकाचे प्रत्येकाशी नाते असलेल्या जाळ्यातला प्रत्येक त्रिकोण स्थिर असेल, तर सगळे जाळे फार तर दोन गटांत विभागलेले असते. गटात मैत्री, गटाबाहेर वैर. महायुद्धापूर्वी जग दोन तटांत विभागले जाते, त्याचे एक कारण इथे सापडते.

कौटिल्याला हे निराळ्या वाटेने ठाऊक होते. त्याच्या ‘अर्थशास्त्र’ ग्रंथातल्या राजमंडलात, म्हणजे राजाभोवतीच्या राज्यांच्या मांडणीत, शेजारी तो अरि, त्याच्या पलीकडचा तो मित्र, त्याच्या पलीकडचा अरिमित्र. नकाशावरच चिन्हे मांडलेली.

अस्थिर त्रिकोणाचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण पूर्वेकडचे आहे. नोव्हेंबर १९३६ मध्ये जर्मनीने जपानशी कॉमिन्टर्नविरोधी, म्हणजे मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय साम्यवादी संघटनेविरुद्धचा, करार केला. पण त्याच वेळी जर्मन लष्करी सल्लागार चीनचे सैन्य घडवत होते आणि जर्मनीला शस्त्रांच्या बदल्यात चीनचे टंगस्टन मिळत होते. जुलै १९३७ मध्ये जपान चीनवर तुटून पडला. एक मित्र दुसऱ्या मित्राच्या जिवावर उठला. हिटलरने १९३८ मध्ये जपानने मांचुरियात उभ्या केलेल्या मांचुकुओ राज्याला मान्यता दिली, सल्लागार परत बोलावले आणि चीनची बाजू सोडली. त्रिकोण स्थिर झाला, पण टंगस्टनसारख्या महत्त्वाच्या धातूचा सोयीचा पुरवठा पणाला लावून.

हे सगळे आधी ओळखता आले असते का? राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड आणि स्कॉट बेनेट यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तसा प्रयत्न केला. त्यांनी युरोपातले १७ देश घेतले आणि १९३६ पर्यंतची माहिती वापरली: सीमेचे तंटे, वांशिक संघर्ष, धर्म, राज्यपद्धती, जुने वैर आणि प्रत्येक देशाचे बळ. १७ देश दोन गटांत वाटायचे ६५,५३६ मार्ग आहेत. प्रत्येक वाटणीत देशांना किती अवघडलेपण येते ते संगणकाने मोजले. अवघडलेपण म्हणजे उंची मानून, डोंगराळ मुलखात पाणी दऱ्यांत उतरते तसे पाहिले, तर दऱ्या, म्हणजे स्थिर वाटण्या, फक्त दोन निघाल्या. खोल दरीत दुसऱ्या महायुद्धातले दोन तट जवळजवळ जसेच्या तसे होते. चुकले ते पोलंड आणि पोर्तुगाल. उथळ दरीत सोव्हिएत युनियन, युगोस्लाव्हिया आणि ग्रीस एकीकडे, बाकी सगळे दुसरीकडे.

मला यातली पोलंडची चूक महत्त्वाची वाटते. रशियाशी जुने वैर असल्याने हिशोबाने पोलंडला जर्मनीच्या गटात टाकले. पण जर्मनीलाच पोलंडची जमीन हवी होती. लष्करशाही राष्ट्राला मित्रापेक्षा भूभाग मोठा वाटला, की चिन्हांचा हिशोब कोलमडतो.

ऑगस्ट १९३९ मध्ये तो पुरता कोलमडला. २३ तारखेला हिटलरने स्टालिनशी अनाक्रमण करार केला, तेव्हा मंगोलियाच्या सीमेवर खाल्खिन गोल नदीकाठी जपानी सैनिक सोव्हिएत सैन्याशी लढत होते. साम्यवादाविरुद्ध हात मिळवलेल्या सोबत्याने टोकियोला विश्वासात घेतले नव्हते. हिरानुमा मंत्रिमंडळाने काही दिवसांत राजीनामा दिला. इटलीने मे महिन्यात जर्मनीशी ‘पोलादी करार’ केला होता आणि त्यात युद्धात साथ देण्याचे वचन होते. तरी ऑगस्टअखेर तिने जर्मनीकडे कोळसा, तेल, पोलाद, मॉलिब्डेनम अशा न पुरवता येण्याजोग्या मागण्यांची यादी धाडली आणि जून १९४० पर्यंत युद्धाबाहेर राहिली.

सप्टेंबर १९४० मध्ये जर्मनी, इटली आणि जपान या तिघांनी बर्लिनमध्ये त्रिपक्षीय करार केला. त्याच्या पाचव्या कलमानुसार सोव्हिएत युनियनशी असलेल्या कुणाच्याही संबंधांना या कराराने बाधा येणार नव्हती. एप्रिल १९४१ मध्ये जपानने मॉस्कोशी तटस्थतेचा करार केला, जूनमध्ये हिटलर रशियावर चालून गेला, आणि जपान तटस्थच राहिला. पुढे अमेरिकेने रशियाला पाठवलेल्या मदतीपैकी सुमारे निम्मा माल पॅसिफिकमार्गे गेला. धान्य, ट्रक, रेल्वे इंजिने घेऊन सोव्हिएत झेंड्याची जहाजे जपानच्या दारावरून व्लादिवोस्तोकला पोहोचत राहिली. जर्मनीशी लढण्यासाठी जाणारा तो माल जर्मनीच्या मित्राने वाट देऊन जाऊ दिला.