शेपटीतलं इंजिन आणि ओलिसांचा वेळ

२५ डिसेंबर २०२५ला नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली आणि उलव्यातल्या गच्च्यांवर विमानं ओळखायचा नवाच नाद सुरू झाला. आमच्या सोसायटीत या गप्पा फिरून फिरून कंदाहारवर येतात, म्हणजे डिसेंबर १९९९मध्ये अपहरण करून अफगाणिस्तानात कंदाहारला नेलेल्या आयसी ८१४ या भारतीय विमानावर. मग एखादे काका ठणकावतात, "बोलत कसले बसले? कमांडो घुसवायचे!"

या बोलत बसण्यामागे पन्नासेक वर्षांचा अभ्यास आहे. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ओलिसांना सोडवायची कारवाई फसली, सगळे ओलीस मारले गेले. त्यानंतर न्यूयॉर्क पोलिसांतले फ्रँक बोल्झ आणि मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेले हार्वे श्लॉसबर्ग यांनी वाटाघाटींची पद्धत बसवली. तिचा सगळा भर वेळ काढण्यावर होता. पहिल्या काही तासांत ओलीस धरणाऱ्याचं ॲड्रेनलिन उसळलेलं असतं, हात बंदुकीवर असतो आणि डोकं सारासार विचार करण्याच्या स्थितीत नसतं. शरीराला ही अवस्था फार काळ पेलत नाही. भूक लागते, डोळ्यांवर झापड येते, विमानातले संडास तुंबतात, आणि हळूहळू समोरचा माणूस नफा-तोट्याचा विचार करू लागतो. तोवर बोलणारा अधिकारी 'हो' म्हणत नाही की 'नाही' म्हणत नाही. "वर विचारून सांगतो." सरकारी कचेरीत ज्या वाक्याने आपलं डोकं फिरतं, ते इथे ठरवून वापरलं जातं. म्हणूनच ज्याच्या हातात निर्णय आहे, त्याला फोनवर बसवत नाहीत.

कंदाहारमध्ये सुरुवातीची मागणी ३६ कैदी आणि २० कोटी डॉलरची होती. ३१ डिसेंबर १९९९ला ती तीन दहशतवाद्यांच्या सुटकेवर येऊन थांबली. त्या तिघांत पुढे जैश-ए-मोहम्मद ही दहशतवादी संघटना काढणारा मसूद अझहर होता, त्यामुळे याला यश म्हणायला जीभ रेटत नाही. पण ताणलेली मागणी दिवसागणिक कशी उतरते, ते इथे दिसतं.

तरीही 'वेळ काढा' हा मंत्र विमानाला जसाच्या तसा लागू होतो, असं मला वाटत नाही. विमानातला वेळ इंधनावर चालतो. बसने विमानापर्यंत गेलात तर शेपटीच्या अगदी टोकाला एक गोल भोक दिसेल आणि कर्कश शीळ ऐकू येईल. ते एपीयू, म्हणजे छोटं टर्बाइन इंजिन. मुख्य इंजिनं बंद असताना दिवे आणि एसी त्याच्यावर चालतात. ते बंद पडलं की शेकडो माणसं कोंडलेल्या त्या बंद नळकांड्यात उकाडा आणि कार्बन डायऑक्साइड वाढू लागतो.

५ सप्टेंबर १९८६ला मुंबईहून निघालेलं पॅन ॲमचं विमान कराचीत बंदूकधाऱ्यांनी ताब्यात घेतलं. हवाई सुंदरी नीरजा भनोत आणि तिच्या सहकाऱ्यांनी वेळीच इशारा दिल्यामुळे वैमानिक कॉकपिटच्या छतातल्या झडपेतून निसटले. विमान उडवायला कोणी उरलं नाही. बोलणी दिवसभर रेंगाळली. रात्री एपीयू थांबलं, दिवे गेले. हल्ला झाला असं समजून अपहरणकर्त्यांनी प्रवाशांवर गोळ्या झाडल्या, हातबॉम्ब फेकले. प्रवाशांना बाहेर काढताना नीरजाचाही जीव गेला.

अमृतसरला उलटं झालं. कंदाहारला जाण्याआधी आयसी ८१४ तिथे पाऊणएक तास उभं होतं, पण इंधनाची गाडी काही पोचेना. त्या ताटकळण्याने अपहरणकर्ते शांत झाले नाहीत, उलट बिथरले, आणि जवळजवळ रिकाम्या टाक्यांनिशी त्यांनी विमान उडवायला लावलं. ते लाहोरला पोचलं, तर तिथे विमान उतरू नये म्हणून आधी धावपट्टीचे दिवेच मालवले होते.

अपहरण झालेल्या विमानासाठी विमानतळावर एक एकाकी जागा ठरवलेली असते. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ती इमारतींपासून आणि इतर विमानांपासून किमान १०० मीटर दूर हवी, आणि तिच्याखालून इंधनाची वाहिनी गेलेली नसावी. स्फोट झालाच तर नुकसान तेवढ्यापुरतं राहावं, हा हेतू. पण त्यामुळे विजेची सोयही लांब पडते. नुसती केबल ओढून भागत नाही, कारण आपल्या घरात ५० हर्ट्झची वीज असते आणि मोठ्या विमानाला लागते ४०० हर्ट्झची. एवढ्या वारंवारितेला ट्रान्सफॉर्मर आणि मोटरी हलक्या बनवता येतात. म्हणजे खास जनरेटरची गाडी विमानाच्या नाकापर्यंत न्यावी लागते आणि कुणीतरी हाताने प्लग लावावा लागतो. ती गाडी कुठल्या बाजूने येईल, सोबत किती माणसं असतील, हे एपीयूचं इंधन संपायच्या आत बोलून घ्यावं लागतं.