रिब्रीदरची स्वच्छता : नियम कुठून आले आणि वाद कशावर आहे

बडोद्यात समुद्र नसल्यामुळे इथल्या डायव्हरांच्या रिब्रीदरची (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा घेऊ देणाऱ्या पाणबुडी श्वसनयंत्राची) खरी साफसफाई किनाऱ्यावर होत नाही. अंदमानहून किंवा परदेशातून परतल्यावर, ओले होज (श्वासाच्या नळ्या) आणि काउंटरलंग (श्वास साठवणाऱ्या पिशव्या) एक-दोन दिवस बॅगेत कोंडून राहिल्यानंतर, ती घरच्या गच्चीवर होते. उत्पादकांच्या पुस्तिकांमध्ये मात्र सगळे काही ‘डाइव्ह संपताच’ करायचे असते. ही तफावत कायमची असल्यामुळे धुण्यापुसण्याचे नियम कुणाच्या सोयीने ठरले, हे एकदा पाहून घेणे उपयोगाचे आहे.

इंग्लंडमध्ये १८७८ साली तयार झालेल्या पहिल्या व्यवहार्य रिब्रीदरमध्ये कार्बन डायऑक्साइड शोषण्यासाठी कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवलेले दोराचे धागे होते. दोनच वर्षांनी सेव्हर्न नदीखालच्या बोगद्यात पाणी भरले, तेव्हा हेच उपकरण लावून एक पाणबुड्या आतले लोखंडी दार बंद करून आला. त्या काळच्या मांडणीत मोठा धोका जंतूंचा नव्हता, दाहक रसायनाचा होता; पाणी आत शिरले की पोटॅशचा द्राव थेट तोंडाशी येऊ शकत असे. पुढे १९०६ साली उत्तर फ्रान्समधल्या कुरिएर येथील खाणीत १,०९९ माणसे मेली, आणि बंद वर्तुळाची श्वसन उपकरणे खाणींच्या बचावकामात रुळत गेली. कार्बन डायऑक्साइड शोषणारे सोडा लाइमचे दाणे पहिल्या महायुद्धातल्या गॅस मास्कमधून आले आणि १९२० च्या दशकात भूलशास्त्रात शिरले. दुसऱ्या महायुद्धात नौदलांचे पाणबुडे शुद्ध ऑक्सिजनवर उथळ पाण्यात काम करत. या तिन्ही ठिकाणी, म्हणजे खाण, नौदल आणि रुग्णालय इथे, उपकरण वापरणारा एक आणि त्याची देखभाल करणारा दुसरा अशी विभागणी होती, आणि पुढच्या गोंधळाचे मूळ माझ्या मते तिथेच आहे.

१९६८ साली इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा रिब्रीदर बाजारात आला खरा, पण हौशी डायव्हरांच्या हाती असे यंत्र मोठ्या प्रमाणावर पडले ते १९९७ नंतर. नौदलातला देखभाल विभाग त्यांच्यासोबत आला नाही. रुग्णालयात एका रुग्णानंतर नळ्या किंवा जंतुरोधक फिल्टर बदलून टाकण्याची जी सोय आहे, तीही इथे जमत नाही, कारण लूपमध्ये, म्हणजे श्वास फिरतो त्या नळ्या-पिशव्यांच्या बंद वर्तुळात, सतत पाणी साचते आणि ओला फिल्टर श्वास अडवतो. उरले फक्त जंतुनाशक, आणि तेव्हापासूनचा वाद त्याच्याभोवतीच फिरत आहे.

उबदार, अंधारी, दमट आणि लाळेने माखलेली जागा जंतूंना मानवते, याविषयी कुणाचे दुमत नाही. प्रश्न दोन आहेत : काय वापरायचे आणि किती वेळा वापरायचे. ग्लुटाराल्डिहाइड रुग्णालयांत एंडोस्कोपसाठी वर्षानुवर्षे वापरले गेले, परंतु त्याच्या वाफेने कर्मचाऱ्यांना दमा जडू लागल्यावर ते मागे पडले. ज्या नळीतून आपण तासन्‌तास श्वास घेणार तिच्यासाठी ते कधीच योग्य नव्हते. सोडियम हायपोक्लोराइट स्वस्त आहे, कुठल्याही किराणा दुकानात मिळते, पण ते धातूचे भाग खाते. क्वाटर्नरी अमोनियम वर्गातली द्रावणे रबर आणि सिलिकॉनला सौम्य असतात. मात्र ओलाव्यात तग धरणाऱ्या स्यूडोमोनास जातीच्या जंतूंवर ती कमी पडू शकतात आणि जड पाण्यात त्यांचा जोर उतरतो. पेरॉक्सिमोनोसल्फेटची गुलाबी पूड एक टक्का प्रमाणात, म्हणजे लिटरमागे दहा ग्रॅम, घालून बनवलेले द्रावण या जंतूंवरही चालते. रंग उडाला की ते निकामी झाले, हे नुसत्या डोळ्यांनीही कळते. पण पितळी किंवा निकेलचा मुलामा दिलेला भाग त्यात रात्रभर विसरला गेला, तर नुकसान ठरलेलेच.

एका बाजूचे म्हणणे असे की दररोज जंतुनाशक वापरावे, कारण लूप आपलाच असला तरी तोंडातले जंतू फुप्फुसात गेलेले परवडत नाहीत. दुसरी बाजू म्हणते की यंत्र एकट्याचे असेल तर रोज गोड्या पाण्याने धुऊन वाळवणे पुरे आणि जंतुनाशक सफरीच्या शेवटी वापरले तरी चालते. नीट न धुतलेल्या रसायनाचा खोकला हाही काही कमी त्रास नाही. यंत्र भाड्याचे किंवा सामायिक असेल तर मात्र दोन्ही बाजू गप्प बसतात, कारण तिथे वापरणारा बदलला की निर्जंतुकीकरण झालेच पाहिजे. मला स्वतःला या भांडणात रसायनाचे नाव गरजेपेक्षा फार मोठे झालेले दिसते. वाळवण्याकडे कुणी तितके लक्ष देत नाही. ऑगस्टमध्ये बडोद्याच्या दमट हवेत होज नुसते दोरीवर लटकवले तर घड्यांमधले पाणी दोन दिवसांनीही तसेच असते; तिथे लहान पंख्याने आतून हवा खेळवावीच लागते, आणि ती न खेळवता द्रावणांची तुलना करत बसणे व्यर्थ आहे.

पाण्याचाही विचार करावा लागतो. आजवा तलावाच्या किंवा मही नदीच्या नळाच्या पाण्याने शेवटची धुलाई केली तर सहसा अडचण येत नाही, पण सोसायटीच्या बोअरचे क्षारयुक्त पाणी वाळले की पांढरे डाग सोडते. माउथपीसमधला मशरूम व्हॉल्व्ह, म्हणजे श्वास एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, उजेडासमोर धरून पाहावा : सिलिकॉनच्या त्या पातळ चकतीच्या कडेला क्षाराचा एक कण जरी चिकटला असेल, तरी ती बैठकीवर पूर्ण टेकत नाही. मग सोडलेला श्वास त्याच बाजूने परत आत येतो आणि सोडा लाइम कितीही ताजे असले तरी कार्बन डायऑक्साइड चढू लागतो. म्हणून जोडणीनंतर एकेक होज हाताने बंद करून श्वास ओढून आणि सोडून पाहण्याची चाचणी वगळू नये. धुलाईतून निर्माण झालेला हा दोष धुलाईनंतरच सापडतो.

बाकीच्या गोष्टींवर फारसा वाद नाही. ऑक्सिजनच्या बाजूच्या ओ-रिंगला (जोड हवाबंद करणाऱ्या रबरी कडीला) खोबरेल किंवा साधे ग्रीस लावू नये, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेलकट पदार्थ पेट घेतात. तिथे परफ्लुओरिनेटेड ग्रीसच हवे. ऑक्सिजन सेल (लूपमधला ऑक्सिजन मोजणारे सेन्सर) कोणत्याही द्रावणात बुडवायचे नाहीत, ते धुलाईआधी काढून कोरड्या जागी ठेवायचे. त्यांच्यातले शिसे वापर नसतानाही झिजत जाते, त्यामुळे कपाटात पडून राहिलेला सेल नवा धरता येत नाही. वापरलेले सोडा लाइम टाकून द्यायचे आणि ते भरायच्या डब्यातली, म्हणजे कॅनिस्टरमधली भुकटी झटकताना नाकातोंडाला फडके बांधायचे.

२०१२ साली ऑर्लँडोला भरलेल्या रिब्रीदरविषयीच्या परिषदेत तज्ज्ञांनी चेकलिस्टचा जोरदार पुरस्कार केला आणि जोडणी व डाइव्हपूर्व तपासणीच्या याद्या सर्वत्र पसरल्या. डाइव्हनंतरच्या साफसफाईसाठी मात्र सर्वांना मान्य अशी एकच यादी रुळलेली नाही, आणि कोणते जंतुनाशक मान्य आहे हे आजही त्या-त्या उत्पादकाच्या पुस्तिकेवरच ठरते. जुने यंत्र विकत घेणाऱ्याने म्हणून त्याच मॉडेलची चालू पुस्तिका मागून घ्यावी आणि आधीच्या मालकाने कोणते द्रावण वापरले होते हे लेखी विचारून घ्यावे.