महिनाभर न निवळणारा डोळा

पावसाळ्यात खानापूर-बेळगावकडे डोळे येण्याची साथ पसरली की 'मद्रास आय' हा शब्द घरोघरी ऐकू येतो. ही साथ बहुधा विषाणूंची असते आणि एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. मात्र चार आठवडे उलटूनही डोळ्याची लाली हटत नसेल आणि सकाळी चिपडांनी पापण्या चिकटत असतील, तर तो साथीचा डोळा नव्हे. निपाणी भागात अशा वेळी तंबाखूच्या धुळीला बोल लावला जातो. धुळीने डोळे चुरचुरतात हे खरे, पण त्या समजुतीपायी पापण्यांच्या कडांची सूज, अश्रुनलिकेतील अडथळा किंवा क्लॅमिडियाचा संसर्ग तपासायचा राहून जातो.

क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस हा जीवाणू पेशीच्या आत शिरूनच वाढतो आणि दोन-तीन दिवसांत ती पेशी फोडून शेजारच्या पेशींत घुसतो. त्याचे ए, बी, बीए आणि सी हे प्रकार खुपऱ्यांना (ट्रॅकोमा, म्हणजे पापण्यांची आतली बाजू खडबडीत करणारा डोळ्यांचा आजार) कारणीभूत होतात. डी ते के हे प्रकार मुख्यतः जननमार्गात राहतात व तेथून हातांवाटे डोळ्यांत, किंवा प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाच्या डोळ्यांत जातात. मेडिकलमधून ड्रॉप्स बदलून बदलून आणणाऱ्याचा डोळा बरा का होत नाही, याचे उत्तर येथेच आहे: संसर्गाचे मूळ डोळ्याबाहेर असताना औषध केवळ डोळ्यात पडत असते. त्यात स्टिरॉइडचे थेंब असले, तर लाली तात्पुरती दबते आणि निदान आणखी लांबते.

म्हणून प्रौढांना ॲझिथ्रोमायसिनची 1 ग्रॅमची एकच मात्रा किंवा डॉक्सीसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 7 दिवस, असे पोटातून औषध डॉक्टर देतात. गर्भवतींना डॉक्सीसायक्लिन देत नाहीत. जोडीदारालाही उपचार घ्यावे लागतात, आणि हे सांगताना रुग्ण व डॉक्टर दोघेही संकोचतात, हीच खरी अडचण आहे. नवजात बाळाचे डोळे जन्मानंतर साधारण 5 ते 14 दिवसांत सुजून पाणावले, तर काजळ किंवा आईच्या दुधाचे थेंब घालण्यात वेळ दवडू नये, कारण हाच जीवाणू बाळाच्या फुप्फुसांतही उतरू शकतो. अशा बाळालाही नुसते मलम पुरत नाही.

खुपऱ्यांचा संसर्ग मुलांच्या अस्वच्छ चेहऱ्यांवरून, एकाच टॉवेलातून आणि माश्यांमुळे पसरतो. अथणीकडच्या कोरड्या पट्ट्यात उन्हाळ्यात पाणी मोजून वापरावे लागते, तरी तोंड धुण्यापुरते तांब्याभर पाणी राखता येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये, सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून खुपऱ्यांचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले. तरीही लहानपणी वारंवार संसर्ग झालेल्या वृद्धांच्या पापण्यांत व्रण राहतात, केस आत वळतात आणि उघडझाप करताना बुबुळ खरवडत राहतात. कित्येक आज्या हे केस चिमट्याने उपटतात. ते काही आठवड्यांत पुन्हा उगवतात. आत वळलेली पापणी मात्र औषधाने सरळ होत नाही. त्यासाठी जागा बधिर करून पापणीची शस्त्रक्रिया करावी लागते.