एमजीबी मोटार : इंजिनाची घरगुती दुरुस्ती व बदल

एमजीबी ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने (बीएमसी) १९६२ मध्ये बाजारात आणलेली, उघड्या टपाची दोन आसनी स्पोर्ट्स कार असून इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात तिचे उत्पादन १९८० पर्यंत चालू होते. १९६५ पासून निघालेली बंद टपाची ‘जीटी’ धरून पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्यांतील मोठा वाटा अमेरिकेला गेला. ब्रिटन, अमेरिका व ऑस्ट्रेलियात या गाड्या आजही मोठ्या संख्येने रस्त्यावर आहेत, याचे मुख्य कारण म्हणजे मालकांनी स्वतःच्या हाताने इंजिन खोलण्याची, बांधण्याची आणि गरज पडल्यास बदलण्याची रीत. सुटे भाग अजून नव्याने तयार होतात आणि कारखान्याच्या कार्यशाळा-पुस्तिकेत प्रत्येक माप दिलेले आहे. ही रीत टिकून राहण्यामागे गाडीविषयीची माया आहेच, पण त्याहून अधिक श्रेय इंजिनाच्या घडणीला द्यावे लागते.

हे इंजिन म्हणजे बीएमसीच्या ‘बी-सिरीज’ घराण्यातील १,७९८ घन सेंमी.चे चार सिलिंडरी रूप. ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) आणि हेड (त्यावरचे झाकण) दोन्ही बिडाचे आहेत. कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला दांडा ब्लॉकच्या कुशीत बसतो व पुशरॉड (लांब सळया) आणि रॉकर (छोट्या तरफा) यांच्या मार्फत वरचे व्हॉल्व्ह उघडतो. हवा आणि पेट्रोलचे मिश्रण एसयू बनावटीच्या दोन कार्ब्युरेटरांतून येते. संगणक नाही, सेन्सर नाहीत. बॉनेट उघडले की प्रत्येक नट दिसतो आणि बहुतेकांना पाना पोचतो. नट-बोल्ट मात्र इंचाच्या मापाचे असल्यामुळे मिलिमीटरचा पाना लावला तर त्यांचे कोपरे झिजतात. सुरुवातीच्या इंजिनांचा क्रँकशाफ्ट (पिस्टनांची वर-खाली गती फिरत्या गतीत बदलणारा मुख्य दांडा, ‘क्रँक’) तीन मेन बेअरिंगांवर फिरत असे. १९६४ च्या अखेरीपासून पाच बेअरिंगे आली आणि इंजिनाचा खालचा भाग पुष्कळ दणकट झाला.

मराठी वाचकाला हे घराणे अनोळखी नाही. हिंदुस्तान मोटर्सच्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये १९५९ पासून बसवलेले १,४८९ घन सेंमी.चे पेट्रोल इंजिन याच बी-सिरीजचे होते. दोन्हींचा स्ट्रोक (पिस्टनच्या धावेची लांबी) ८८.९ मिमी. इतकाच आहे, अ‍ॅम्बॅसेडरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७३ मिमी.चा, तर एमजीबीचा ८०.२६ मिमी.चा. बोअर, पिस्टन आणि बेअरिंगांची मापे वेगळी असल्यामुळे भाग सरसकट अदलाबदलीचे नाहीत, परंतु सरकारी अ‍ॅम्बॅसेडरची इंजिने ज्यांनी वर्षानुवर्षे बांधली त्या मिस्त्रींना एमजीबीच्या हेडखाली नवे असे थोडेच आढळेल.

इंजिन खोलण्यापूर्वी दोष कुठे आहे हे ठरवणे हा या कामाचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित टप्पा आहे. गाडी धूर सोडते म्हणून सरळ इंजिन उतरवले जाते आणि दोष मात्र वरच्या व्हॉल्व्ह गाइडमध्येच (व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीतून सरकते तिच्यात) निघतो, असे वारंवार घडते. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना निळ्या धुराचा लोट निघत असेल तर तेल बहुधा व्हॉल्व्ह गाइडमधून खाली उतरत असते. चढावर जोर लावताना सतत निळा धूर येत असेल तर संशय पिस्टनच्या रिंगांवर जातो. याची शहानिशा कॉम्प्रेशनच्या, म्हणजे सिलिंडरमधील दाबाच्या, चाचणीने होते. इंजिन गरम करून चारही स्पार्क प्लग काढायचे, थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) पूर्ण उघडा धरायचा आणि स्टार्टरने इंजिन फिरवून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायचा. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी आला, तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडून पुन्हा मोजायचे. आता दाब वाढला, तर रिंगा व बोअर झिजले आहेत, कारण तेलाने त्यांच्यातील फट तात्पुरती बुजली. दाब तसाच राहिला, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट (हेड व ब्लॉक यांच्या मधला पातळ थर) गेले आहे. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदमच पडलेला असेल, तर गॅस्केट त्या दोघांच्या मधोमध फुटलेले असण्याचा संभव मोठा. ऑइल प्रेशरचा काटाही बोलका असतो. गरम इंजिन वेगात चालताना साधारण ५० ते ८० आणि आयडलिंगला १० ते २५ पौंड प्रति चौरस इंच दाब अपेक्षित असतो. त्याहून बराच कमी असेल आणि खालून जड ठोका ऐकू येत असेल, तर बेअरिंगांचे काम टाळता येत नाही.

हेड उतरवण्याचे काम गाडीतच होते, पण त्यात एक खाच आहे. रॉकर शाफ्टचे पाय ज्या आठ नटांनी धरलेले असतात, त्यांतील चार नट हेडचेही असतात. हेडचे एकूण अकरा नट. टॅपेटच्या (कॅम व पुशरॉड यांच्या मधल्या भागाच्या) किंवा रॉकरच्या एवढ्याशा कामासाठी कुणी रेडिएटरमधील पाणी न काढता ते चार नट सैल केले, तर हेडवरचा ताण एकाच बाजूने सुटतो, हेड वाकू शकते आणि पाणी सिलिंडरमध्ये व तिथून ऑइल चेंबरमध्ये उतरते. म्हणून आधी पाणी काढायचे आणि मग अकराही नट क्रमाने, थोडे थोडे करून सैल करायचे. हेड हाती आले की कार्बन खरवडून भेगा पाहिल्या जातात. मधल्या दोन सिलिंडरांचा जळलेला वायू एकाच सामाईक तोंडातून बाहेर पडत असल्याने हेडच्या त्या भागाला उष्णता अधिक सोसावी लागते. तिथल्या व्हॉल्व्ह सीटच्या आसपास बारकाईने पाहावे. भेग दिसली तर वेल्डिंगच्या मागे न लागता दुसरे हेड शोधणे बहुधा स्वस्त पडते.

व्हॉल्व्ह सीटचा, म्हणजे बंद व्हॉल्व्ह ज्या कडेवर टेकतो तिचा, प्रश्न पेट्रोलशी जोडलेला आहे. मूळ हेडमधील सीट बिडातच कापलेल्या होत्या आणि पेट्रोलमधील शिसे त्यांना झिजण्यापासून वाचवत असे. ब्रिटनमध्ये आणि भारतात २००० च्या सुरुवातीला शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली. तेव्हापासून हेड उतरवलेच असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या जागी कठीण पोलादाच्या सीट बसवून घेण्याचा प्रघात पडला. व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत चालला असेल तर टॅपेटची फट (रॉकर व व्हॉल्व्ह यांच्या मधली) वारंवार कमी झालेली आढळते. ही खूण वेळीच ओळखली तर व्हॉल्व्ह जळण्याआधी काम करता येते.

खालच्या भागाच्या कामासाठी किंवा क्लच बदलण्यासाठी इंजिन उतरवावेच लागते. एमजीबीचा क्लच इंजिन जागेवर ठेवून बदलता येत नाही, आणि पुष्कळ मालकांची इंजिन उतरवण्याची पहिली वेळ क्लचमुळेच येते. सुरुवात बॅटरीपासून होते. १९६७ पर्यंतच्या गाड्यांमध्ये बॉडीला बॅटरीचे धन टोक जोडलेले असे आणि आसनांच्या मागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, हे नव्या मालकाने आधीच पाहून ठेवावे. इंजिन एकटे काढता येते, परंतु परत बसवताना लोंबकळणाऱ्या इंजिनाचा क्लच गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बिनचूक चढवण्यात तासन्‌तास जातात. शाफ्टवर भार पडला तर क्लच प्लेटही वाकते. म्हणून गिअरबॉक्ससह काढणेच शहाणपणाचे. त्यासाठी बॉनेट, रेडिएटर, प्रॉपेलर शाफ्ट, गिअर लिव्हर, स्पीडोमीटरची केबल आणि गिअरबॉक्सखालचा आडवा आधार सोडवावा लागतो. नुसत्या इंजिनाचेच वजन दीडशे किलोंहून अधिक असल्याने ते चेन पुलीने किंवा इंजिन क्रेनने, मागचा भाग खाली झुकवून, तिरके उचलले जाते. गाडी नुसत्या जॅकवर कधीही ठेवू नये. चांगल्या घोड्यांवर (लोखंडी तिवयांवर) भक्कम टेकवावी, आणि उचललेल्या इंजिनाखाली हात किंवा पाय जाऊ देऊ नये.

इंजिन खोलताना प्रत्येक भाग कुठून व कोणत्या दिशेने निघाला याची नोंद हवी. कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन व क्रँक यांना जोडणाऱ्या दांड्यांच्या) टोप्या आपापल्या रॉडबरोबरच राहिल्या पाहिजेत, कारण त्या जोडीनेच घडवलेल्या असतात. टॅपेटही ज्या कॅमवर फिरत होते त्याच जागी परत जायला हवेत. कॅमशाफ्ट नवा असेल तर टॅपेटही नवेच घालावेत.

यानंतर मोजमाप सुरू होते, आणि घरगुती कामाचा कस इथेच लागतो. बोअर वर, मधे आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजावा लागतो. झीज बहुधा रिंगांच्या धावेच्या वरच्या टोकाशी अधिक असते आणि बोटाला कड लागते. लेथवाल्यांच्या भाषेत इंचाचा हजारावा भाग म्हणजे ‘थाऊ’. झीज मर्यादेबाहेर असेल तर बोअर २०, ३० किंवा ४० थाऊने मोठा करून त्या मापाचे पिस्टन घातले जातात, क्रँकही तसाच टप्प्याटप्प्याने ग्राइंड होतो. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि सीट बसवणे ही कामे घरी होत नाहीत, ती मशीन शॉपकडेच द्यावी लागतात. ‘स्वतः केलेली दुरुस्ती’ म्हणजे सगळे स्वतः करणे नव्हे. काय पाठवायचे आणि परत आलेले काम बरोबर आहे की नाही, हे मोजून सांगता येणे म्हणजे ती दुरुस्ती.

मशीन शॉपमधून आलेला ब्लॉक स्वच्छ दिसतो, पण तेलाच्या वाटांमध्ये धातूचा बारीक कीस अडकलेला असतो. त्या वाटांची बुचे काढून लांब ब्रश, साबणाचे गरम पाणी आणि दाबाची हवा यांनी त्या धुवाव्या लागतात आणि बोअरमध्ये पांढरे फडके फिरवून ते काळे पडत नाही तोवर धुणे थांबवायचे नाही. नव्या बेअरिंगांची पहिल्याच तासात वाट लागण्याचे सर्वांत सामान्य कारण हा कीस आहे. मेन बेअरिंगमधील फट तपासायला मेणासारख्या मऊ प्लास्टिकची बारीक तार मिळते. ती जर्नलवर (क्रँकच्या बेअरिंगात फिरणाऱ्या भागावर) आडवी ठेवून बेअरिंगची टोपी ७० फूट-पौंडांनी, म्हणजे सुमारे ९५ न्यूटन-मीटरने, आवळायची, क्रँक अजिबात न फिरवता टोपी पुन्हा काढायची आणि चपटी झालेली तार पाकिटावरच्या पट्ट्यांशी ताडून पाहायची. तार जितकी रुंद पसरली असेल तितकी फट कमी. १ ते २.७ थाऊ ही तिची योग्य मर्यादा. क्रँकची पुढे-मागे होणारी हालचाल ४ ते ५ थाऊ असावी लागते. ती मधल्या मेन बेअरिंगच्या दोन्ही बाजूंच्या अर्धगोल थ्रस्ट वॉशरांनी ठरते, आणि तेलाच्या खाचा असलेली त्यांची बाजू क्रँककडेच यायला हवी. क्लच पेडलवर पाय ठेवून गाडी चालवण्याच्या सवयीचा भार याच वॉशरांवर आणि क्लचच्या कार्बनच्या थ्रस्ट बेअरिंगवर पडतो.

बांधणी उलट क्रमाने होते. टायमिंगच्या दोन दातेरी चाकांवरचे ठिपके समोरासमोर, दोन्ही केंद्रांच्या रेषेत यावे लागतात. हेडचे नट मध्यापासून बाहेरच्या बाजूला, तीन-चार फेऱ्यांत ५० फूट-पौंडांपर्यंत आवळले जातात. टॅपेटची फट थंड इंजिनात १५ थाऊ ठेवायची. त्यासाठी नऊचा नियम मिस्त्री आणि हौशी दोघेही वापरतात: आठही व्हॉल्व्ह एका टोकापासून मोजून, जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे त्याचा क्रमांक नवातून वजा केला की ज्याची फट लावायची तो व्हॉल्व्ह मिळतो. पहिला उघडा असेल तर आठव्याची, तिसरा उघडा असेल तर सहाव्याची.

पहिल्यांदा चालू करण्याआधी स्पार्क प्लग काढून ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत इंजिन स्टार्टरवर फिरवावे. चालू झाल्यावर, कॅमशाफ्ट नवा असेल तर आयडलिंगवर न सोडता वीसेक मिनिटे दर मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या आसपास ठेवावे, कारण संथ गतीत कॅमवर तेल पुरेसे उडत नाही आणि कॅमचे उंचवटे झिजून जातात. याच कारणाने जस्त-फॉस्फरसचे प्रमाण पुरेसे असलेले ऑइल निवडले जाते. सुमारे ८०० किमी. नंतर हेड पुन्हा आवळून टॅपेट तपासावेत.

ब्लॉक दुरुस्त होण्यापलीकडे गेला असेल तर इंजिन बदलावे लागते. सर्वांत सोपे म्हणजे दुसऱ्या एमजीबीचे इंजिन, पण तीही सर्व सारखी नाहीत. इंजिन क्रमांकाच्या आरंभी ‘१८जी’, ‘१८जीए’ असेल तर तीन बेअरिंगांचे, ‘१८जीबी’ पासून पुढे पाच बेअरिंगांचे आणि ‘१८व्ही’ म्हणजे १९७१ नंतरचे. १९६७ च्या अखेरीस चारही गिअरांना सिंक्रोमेश (गिअर सहज पडण्यासाठी वेग जुळवणारी रचना) असलेला गिअरबॉक्स आला तेव्हा मागची प्लेट, फ्लायव्हील आणि स्टार्टर बदलले आणि डायनॅमोची जागा अल्टरनेटरने घेतली. म्हणून त्या सीमेपलीकडचे इंजिन घेताना हे भागही जुळवून घ्यावे लागतात.

वेगळ्या जातीच्या इंजिनांत रोव्हरचे ३,५२८ घन सेंमी.चे व्ही-८ सर्वाधिक लोकप्रिय आहे. केन कॉस्टेलो यांनी १९७० च्या सुमारास एमजीबीमध्ये ते बसवून विकण्यास सुरुवात केली आणि १९७३ मध्ये कंपनीनेच ‘जीटी व्ही-८’ काढली, जी १९७६ पर्यंत चालली. अ‍ॅल्युमिनियमचे असल्यामुळे आठ सिलिंडर असूनही ते बिडाच्या चार सिलिंडरी इंजिनापेक्षा फारसे जड नाही, आणि गाडीचा तोल त्यामुळे ढळत नाही. मात्र एक्झॉस्टची वाट, रेडिएटर आणि ब्रेक यांचा नव्याने विचार करावा लागतो. पहिलेच इंजिन हाताळणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बदललेल्या इंजिनाचा क्रमांक आणि क्षमता यांची ब्रिटनमध्ये वाहन नोंदणी खात्याला माहिती द्यावी लागते. तिथे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, मोठा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे, आणि त्याच मूळ इंजिनाची वेगळ्या क्षमतेची आवृत्ती बसवणे मोठा बदल धरले जात नाही. भारतात नोंदणी पुस्तकातच इंजिन क्रमांक असल्याने तो बदलायचा तर आरटीओचा संबंध येतो. शिवाय २०२१ च्या व्हिंटेज वाहन नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी लागते. म्हणूनच अनेक मालक गाडीत दुसरे इंजिन चालवत असतानाही मूळ क्रमांकाचा ब्लॉक विकत नाहीत. त्याच्या बोअरला ग्रीस चोपडून, ताडपत्रीत गुंडाळून तो गॅरेजच्या कोपऱ्यात जपून ठेवतात.