‘पर्पेच्युअल’ची मुदत २१०० पर्यंत

पर्पेच्युअल म्हणजे कायमचं. महिना ३० चा की ३१ चा, फेब्रुवारी २८ चा की २९ चा, हे स्वतः ओळखून तारीख बदलतं ते पर्पेच्युअल कॅलेंडर. मनगटी घड्याळात ते आलं १९२५ मध्ये, जिनिव्हात. यंत्र मात्र जुनंच होतं: बायकांच्या पेंडंट घड्याळासाठी १८९८ मध्ये बनवलेलं. एकाच नमुन्याची अनेक घड्याळं निघू लागली ती १९४१ पासून.

सगळी करामत एका चाकात आहे. चार वर्षांत एक फेरी, कडेला ४८ महिन्यांच्या ४८ जागा. ३१ दिवसांच्या महिन्याला खाच नाही, ३० च्या महिन्याला उथळ, लीप फेब्रुवारीला खोल, साध्या फेब्रुवारीला सगळ्यात खोल. एका लांब तरफेचं टोक या कडेवर टेकलेलं असतं. खाच जितकी खोल, तितके जास्त दाते महिनाअखेरच्या रात्री तारखेचं ३१ दात्यांचं चाक पुढे सरकतं. साध्या फेब्रुवारीत २८ च्या रात्री एकदम चार.

साधारण रात्री नऊ ते पहाटे तीन हे भाग एकमेकांत अडकलेले असतात. त्या वेळेत डबीच्या कडेची बारीक बटणं दाबली की दाता तुटतो, नाहीतर तरफेचं बोट वाकतं. बहुतेक जुन्या घड्याळांत तारीख मागे घेता येत नाही. दोन दिवस पुढे गेली, तर चावी न देता घड्याळ दोन दिवस बंद ठेवायचं.

वाद आहे तो नावाचा. ४०० ने भाग जात नाही ते शतकवर्ष लीप नसतं, आणि ४८ महिन्यांच्या चाकाला शतक कळत नाही. २१०० मध्ये २८ फेब्रुवारीनंतर ते २९ दाखवणार. १९०० होऊन गेल्यावर हे यंत्र मनगटावर आलं, २००० लीपच होतं. म्हणजे मनगटावर हे नाव अजून एकदाही कसोटीला लागलेलं नाही, आणि विकणाऱ्यांच्या ते पथ्यावरच पडलं आहे. शतकांचाही हिशेब ठेवणाऱ्या मोजक्या घड्याळांना ‘सेक्युलर’ म्हणतात. इथे धर्मनिरपेक्षतेचा काही संबंध नाही. शतक या अर्थाच्या फ्रेंच शब्दाशी नातं आहे.

१९६९ मध्ये बॅटरीवरचं क्वार्ट्झ घड्याळ आलं, आणि पुढे स्वस्त डिजिटल घड्याळाची चिपही लीप वर्ष ओळखू लागली. तरी १९८५ मध्ये स्वित्झर्लंडच्या शाफहाउझेन गावात बटणं काढून सगळं कॅलेंडर एका क्राऊनवर, म्हणजे चावी द्यायच्या गुंडीवर, आणलं गेलं, वर्षाचे चारही आकडे तबकडीवर आले. चूक झाली तर मात्र गाठ कारखान्याशी. १९९६ मध्ये जिनिव्हातून वार्षिक कॅलेंडर निघालं. त्याला ३० आणि ३१ कळतात, फेब्रुवारी कळत नाही. वर्षातून एकदा तारीख लावायची आणि पैसे बरेच कमी मोजायचे. रोज घड्याळ वापरणाऱ्याला हेच जास्त सोयीचं. पण लिलावात बोली चढते ती पर्पेच्युअलवर.

२०२४ मध्ये शाफहाउझेनमध्येच ४०० वर्षांत एक फेरी घेणारं चाक मनगटी घड्याळात बसलं. त्यावर तीन खाचा, तीन गाळायच्या लीप वर्षांसाठी. दावा तरीही किमान ३९९९ पर्यंतचाच, कारण ४००० हे वर्ष लीप धरायचं की नाही, याचा अधिकृत निर्णय अजून झालेला नाही.