गुलाब 'उलटत' नाही, खालचा खुंट वर येतो

जळगाव-धुळ्याकडे दर पावसाळ्यानंतर हेच ऐकू येतं: "नर्सरीतून लाल गुलाब आणला होता, उलटला, जंगली झाला." कुणी काळ्या मातीला दोष देतं, कुणी मे महिन्यातल्या ४४-४५ अंशांच्या उन्हाला. माती किंवा ऊन गुलाबाची जात बदलत नाही.

नर्सरीतला गुलाब बहुतेक वेळा दोन झाडांचा असतो. खाली रानगुलाबाचा काटक खुंट, त्यावर हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला कोंब, बसवलेला. बुडाशी बोट फिरवा, या जोडाची गाठ लागेल. उन्हाने किंवा चुकीच्या छाटणीने वरचा भाग खंगला, की खुंट स्वतःची फूट काढतो. ती लांबसडक, फिकट हिरवी, झपाट्याने वाढणारी. आपण कौतुकाने पाणी घालतो आणि वरचं कलम उपाशी मरतं. फार वाईट वाटतं हे बघून!

"सात पानांची फांदी जंगली, पाच पानांची चांगली" हेही खरं नाही. चांगल्या जातींनाही सात पानं येतात. फांदी गाठीच्या वरून निघाली की खालून, एवढंच पाहा. खालून असेल तर माती उकरून मुळापासून ओढून काढा. कात्रीने कापली तर पुन्हा फुटते.

लावताना गाठ मातीच्या दोन बोटं वर ठेवा. काळी माती पाणी धरते, म्हणून वाळू आणि शेणखत मिसळा. उन्हाळ्यात दुपारची सावली हवीच. ग्लॅडिएटर या गुलाबाच्या जातीसारखं कलम घेतलंत तर बुडाकडे लक्ष ठेवा. फांदी रुजवून केलेल्या गावठी गुलाबाला ही कटकट नाही, त्याची मुळंही त्याचीच असतात.